यंत्र, कापूस आणि गुलामगिरी : अमेरिकेपासून इंदुरापर्यंत



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, हा मी माझा बहुमान समजतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते इतिहास शिकवताना सनावळीपेक्षा कार्यकारणभावाला अधिक महत्त्व देत, असे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या अनेकांकडून मी ऐकत आलो आहे. त्यांच्या त्या शिकवणुकीला साजेल असे काही बोलावे, म्हणून आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले एक वाक्य आज मी तपासायला घेणार आहे. ते वाक्य असे : यंत्रांच्या शोधांमुळे मानवी श्रम वाचले.

वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. श्रम कुणाचे वाचले, आणि वाचलेल्या श्रमांचे पुढे काय झाले, हे दोन प्रश्न त्यात विचारलेलेच नाहीत. हे प्रश्न विचारणे किती अगत्याचे आहे, ते अमेरिकेतील कापसाच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

अमेरिकेचा विषय इंदुरात, तोही तुकोगंजात, कशासाठी, असे कुणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. येथून जवळच मालवा मिलचा चौक आहे. गिरणीचा भोंगा बंद होऊन वर्षे लोटली, चौकाचे नाव मात्र गिरणीचेच राहिले. त्या नावामागचा इतिहास शोधू लागलो, की वाट मुंबई बंदरातून मँचेस्टरला आणि तेथून मिसिसिपी नदीच्या काठच्या मळ्यांपर्यंत जाऊन पोहोचते. म्हणून आज ती वाट आपण उलट दिशेने चालू.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये कापसाच्या धंद्यात एकापाठोपाठ एक शोध लागले. हारग्रीव्हजची जेनी, आर्कराइटचे पाण्यावर चालणारे सूतयंत्र, क्रॉम्प्टनचे म्यूल या यंत्रांनी सूत काढण्याचा वेग इतका वाढवला, की आता अडचण सूत कातण्याची राहिली नाही. ती कापूस मिळण्याची झाली. यंत्रांच्या इतिहासातील हा एक नियमच म्हणावा लागेल. एका ठिकाणचा अडसर दूर झाला, की कामाचा सारा रेटा साखळीतील पुढच्या किंवा मागच्या कडीवर येतो. ती कडी म्हणजे पुष्कळदा माणसांचे हात असतात.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत कापूस होत होता. पण समुद्रकिनाऱ्यालगतची लांब धाग्याची जात वगळता अंतर्भागात पिकणारा कापूस आखूड धाग्याचा होता आणि त्याची हिरवट, लवदार सरकी धाग्याला घट्ट चिकटून बसे. आपल्याकडे सरकी काढण्यासाठी शतकानुशतके चरकी वापरात होती. उलट दिशांनी फिरणाऱ्या दोन रुळांमधून रुई पलीकडे जाते आणि सरकी अलीकडे राहते, हे तिचे साधे तत्त्व. तशाच रुळांच्या साधनाने अमेरिकेतील लांब धाग्याचा कापूस साफ होई. परंतु हा चिवट सरकीचा कापूस त्याला दाद देत नसे. हाताने सरकी सोडवायची तर एका माणसाची दिवसभराची कमाई सुमारे एक पौंड रुई, असा हिशेब सांगितला जातो.

१७९२ मध्ये येल विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेला एली व्हिटनी नावाचा तरुण जॉर्जियात एका मळ्यावर पाहुणा म्हणून राहिला होता. हा मळा जनरल नॅथॅनिएल ग्रीन यांच्या विधवा पत्नी कॅथरीन ग्रीन यांचा. तेथे १७९३ साली व्हिटनीने एक यंत्र तयार केले. फिरत्या दंडगोलावर तारांचे आकडे बसवलेले. हे आकडे जाळीच्या फटींतून रुई ओढून घेत आणि सरकी फटीपेक्षा मोठी असल्यामुळे मागे राही. दुसरा फिरता ब्रश आकड्यांवरची रुई झाडून टाकी. एवढ्या सोप्या युक्तीने एक माणूस दिवसाला पन्नास पौंडांच्या आसपास रुई साफ करू लागला. मार्च १७९४ मध्ये व्हिटनीला त्याचे पेटंट मिळाले.

आपल्या पाठ्यपुस्तकातील वाक्याप्रमाणे येथे काय व्हावयास हवे होते? सरकी काढण्याचे कष्ट वाचले, तेव्हा ते कष्ट करणाऱ्या गुलामांचा भार हलका व्हावयास हवा होता. त्या काळी गुलामगिरी हळूहळू मावळेल अशी आशाही अनेकांना वाटत होती. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधील जमिनी तंबाखूने निकस होत चालल्या होत्या. पेनसिल्व्हेनियासारख्या उत्तरेकडील राज्याने १७८० मध्येच क्रमाक्रमाने गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला होता. प्रत्यक्षात घडले ते अगदी विपरीत.

१७९० च्या शिरगणतीत अमेरिकेतील गुलामांची संख्या सुमारे सात लाख होती. १८६० मध्ये ती चाळीस लाखांच्या घरात गेली. कापसाचे उत्पादन १७९० च्या सुमारास काही हजार गासड्या होते. १८६० च्या सुमारास तेही चाळीस लाख गासड्यांच्या आसपास पोहोचले. अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा कापसाचा झाला. सरकी काढण्याचा अडसर दूर होताच सारा रेटा पेरणी, खुरपणी आणि वेचणीवर आला, आणि कापूस वेचायला यंत्र नव्हते. तेथे हातच हवे होते. १ जानेवारी १८०८ पासून बाहेरून गुलाम आणण्यास कायद्याने बंदी झाली, तेव्हा जुन्या तंबाखूच्या प्रदेशातील गुलाम नव्या कापसाच्या प्रदेशात विकले जाऊ लागले. अशा रीतीने सुमारे दहा लाख माणसे आपल्या आईबापांपासून, मुलाबाळांपासून तोडून दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे नेली गेली. सॉलोमन नॉर्थप या कृष्णवर्णीयाला फसवून, पळवून नेऊन गुलाम म्हणून विकले होते. १८५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मकथनात संध्याकाळच्या मापाचे वर्णन आहे. प्रत्येकाने दिवसाला सुमारे दोनशे पौंड कापूस वेचावा अशी अपेक्षा असे, आणि माप कमी भरले तर फटके.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हे सारे एकट्या व्हिटनीच्या यंत्राने केले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेला लुइझियानाचा विस्तीर्ण मुलूख, १८३० च्या कायद्याने मूळ रहिवाशांना हुसकावून मोकळ्या केलेल्या जमिनी, मँचेस्टरची न संपणारी मागणी आणि मळेवाल्यांना मिळणारे कर्ज, हे सगळे त्यामागे होते. ज्या १७९३ साली हे यंत्र झाले त्याच वर्षी फेब्रुवारीत, पळून गेलेला गुलाम पकडून मालकाच्या हवाली करण्याचा कायदाही अमेरिकेच्या काँग्रेसने संमत केला. यंत्राने कापूस फायद्याचा केला. तो फायदा कुणाच्या पाठीवर उभा राहावा, हे कायद्याने ठरवले.

याचा ताळा दुसऱ्या एका यंत्रावरून पाहता येतो. १८३१ मध्ये व्हर्जिनियात सायरस मॅकॉर्मिकने घोड्यांनी ओढायचे गव्हाच्या कापणीचे यंत्र चालवून दाखवले. ते घडवण्यात जो अँडरसन या त्याच्या घरच्या गुलामाचे हात होते, ही गोष्ट पुष्कळ काळ अनुल्लेखित राहिली. १८४७ मध्ये मॅकॉर्मिकने आपला कारखाना शिकागोला नेला. त्या बाजूच्या राज्यांत गुलामगिरी नव्हती. शेतकरी आपल्या जमिनीचा धनी होता आणि मजूर मिळणे कठीण होते. त्या शेतकऱ्याने हे यंत्र हप्त्यांनी विकत घेतले आणि वाचलेले श्रम त्याच्या स्वतःच्या पदरात पडले. एकाच देशात दोन यंत्रे आली; एकाने शेतकऱ्याचे हात मोकळे केले, दुसऱ्याने मजुराच्या हातांतील बेड्या घट्ट केल्या. हा फरक लोखंडाच्या जुळणीत शोधून सापडणार नाही. तो जमिनीच्या मालकीत आणि माणसाच्या हक्कांत होता.

उत्तरेकडील कारखानदारीही या पापापासून अलिप्त नव्हती. १७९० मध्ये सॅम्युएल स्लेटरने ऱ्होड आयलंडमध्ये यंत्राने सूत काढायला प्रारंभ केला. पुढे मॅसॅच्युसेट्समधील लॉवेल गावी शेतकऱ्यांच्या मुली मोठ्या संख्येने गिरण्यांत काम करू लागल्या. मजुरी कमी केली म्हणून त्यांनी १८३४ मध्ये आणि राहण्याजेवणाचा खर्च वाढवला म्हणून १८३६ मध्ये संप केला. संप करण्याचे, निदान काम सोडून घरी जाण्याचे स्वातंत्र्य त्यांना होते. पण त्या जो कापूस कातत तो गुलामांनी वेचलेला असे, आणि न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत विणलेले जाडेभरडे कापड पुन्हा त्याच गुलामांच्या अंगावर घालण्यासाठी दक्षिणेत विकले जाई.

शोधाचे श्रेय कुणाचे, या प्रश्नाचे तेव्हाच्या कायद्याने दिलेले उत्तरही ऐकण्यासारखे आहे. मिसिसिपीतील ऑस्कर स्टुअर्ट नावाच्या मळेवाल्याच्या नेड या गुलामाने कापसाच्या शेतीसाठी एक अवजार तयार केले. स्टुअर्टने त्याचे पेटंट मागितले. १८५८ मध्ये सरकारी निर्णय झाला, की गुलाम हा नागरिक नसल्यामुळे त्याला पेटंट मिळू शकत नाही आणि मालकाने शोध लावलेला नसल्यामुळे त्यालाही ते मिळू शकत नाही. ज्याच्या बुद्धीतून अवजार निघाले तो कायद्याच्या दृष्टीने स्वतःच एक अवजार होता.

आता ही वाट आपल्या देशाकडे वळते. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने रोखून धरली आणि इंग्लंडला तीन-चतुर्थांशाहून अधिक पुरवठा करणारा कापूस अडला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. उपासमार सोसत असतानाही डिसेंबर १८६२ मध्ये मँचेस्टरच्या सभेत जमलेल्या कामगारांनी गुलामगिरी संपवण्याच्या बाजूने अध्यक्ष लिंकन यांना पत्र पाठवले, आणि लिंकन यांनी जानेवारी १८६३ मध्ये त्यांना कृतज्ञतेचे उत्तर धाडले. बाजाराच्या साखळीतून माणसामाणसांतील नातेही निर्माण होऊ शकते, याचे हे दुर्मिळ उदाहरण.

मँचेस्टरचे व्यापारी मात्र हिंदुस्थानच्या कापसाकडे धावले. तत्पूर्वी १८४० मध्येच ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून कापूसतज्ज्ञ मळेवाले आणवले होते. त्यांचे बहुतेक प्रयोग फसले. धारवाडकडे तेवढी अमेरिकन जात रुजली आणि 'धारवाड-अमेरिकन' म्हणून बाजारात ओळखली जाऊ लागली. युद्धकाळात मुंबईत कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. शेअरबाजाराला उधाण आले, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच हा सारा डोलारा कोसळला. वऱ्हाडात खामगाव आणि अमरावतीच्या पेठा वाढल्या, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. शेतकऱ्याला मिळालेली पत मात्र तेजीबरोबर आटली. पुणे-नगरचा भाग मुळात कापसाचा नव्हे. पण तेजीच्या दिवसांत सहज मिळालेले कर्ज, पुढे उतरलेले भाव आणि त्याच सुमारास वाढलेला सारा यांचा फास तेथेही आवळला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. मळे मिसिसिपीचे, युद्ध अमेरिकेचे आणि होळी सुप्याच्या बाजारात, असा हा धागा आहे.

आपले इंदूरही या घडामोडींपासून दूर राहिले नाही. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी याच काळात येथे संस्थानची कापडगिरणी उभारली. तेव्हा इंदूरला रेल्वे नव्हती. अवजड यंत्रसामग्री खंडव्याहून घाट चढवून हत्तींकरवी आणली, असे सांगतात. पुढे त्यांनी खंडवा ते इंदूर या लोहमार्गासाठी ब्रिटिश सरकारला एक कोट रुपयांचे कर्ज दिले, आणि १८७७-७८ पर्यंत गाडी नर्मदा ओलांडून, पाताळपाणीचा घाट चढून इंदुरात आली. माळवा-निमाडच्या काळ्या जमिनीतील कापूस मुंबईला जाऊ लागला आणि काही काळाने येथेच कातला, विणला जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी मालवा मिल आणि हुकुमचंद मिल निघाल्या. त्यांच्याभोवती कामगारांच्या वस्त्या वसल्या. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा त्या भोंग्यावर घड्याळ लावत असतील.

अमेरिकेतील गुलामगिरी डिसेंबर १८६५ मध्ये घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने संपुष्टात आली. कोणत्याही यंत्राने ती संपवली नाही. युद्धाने, कायद्याने आणि स्वतः गुलामांनी पत्करलेल्या बंडखोरीने व पलायनाने ती संपली. हे पाऊल पुण्यात बसलेल्या एका माणसाने नीट ओळखले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. समुद्रापलीकडची बेडी आणि घरातली बेडी एकाच जातीची आहे, हे त्यांना दिसले होते. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांना संघटित केले, आणि १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. विद्यार्थिमित्रहो, रविवारी तुम्ही घरी असता, तेव्हा हे ध्यानात ठेवा. वाफेच्या इंजिनाने कितीही श्रम वाचवले असले, तरी गिरणीकामगाराला सुटी दिली ती माणसांच्या आग्रहाने.

याच कापसाच्या ओघात आपल्या इंदुरात एक वेगळ्या जातीचा शोधही लागला. १९२४ मध्ये येथे वनस्पतिउद्योग संस्था स्थापन झाली. कापसावरील संशोधनासाठी मध्यवर्ती कापूस समितीकडून तिला पैसा मिळे. सर आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तेथे शेतातील काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची पद्धत सिद्ध केली आणि १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. कापसाच्या पऱ्हाट्या कडक, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या शेतरस्त्यावर पसरायच्या आणि गाड्यांच्या चाकांखाली चुरल्या गेल्या की खड्ड्यात घालायच्या, इतका तो साधा व्यवहार होता. अमेरिकेतील मळेवाला जमीन निकस करून पुढच्या मुलखाकडे सरकत असे. येथे जमिनीतून घेतलेले जमिनीला परत देण्याची रीत सांगितली गेली. त्या पद्धतीला लागणारी प्रत्येक वस्तू शेतकऱ्याच्या घरची होती, म्हणून तिचा लाभही त्याच्याच घरी राहू शकत होता.

राहिली कापूस वेचण्याची गोष्ट. मुक्ती मिळाल्यावरही दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीयांना जमीन मिळाली नाही. ते बटाईने कापूस करीत राहिले आणि दुकानदाराच्या वहीत अडकले. वेचणीचे यंत्र पुढे विसाव्या शतकात आले. १९४४ मध्ये मिसिसिपीतील एका मळ्यावर पेरणीपासून वेचणीपर्यंतचे सारे पीक यंत्रांनी काढून दाखवण्यात आले. ज्या कामासाठी दीडशे वर्षे माणसे विकली, फटकावली, बांधून ठेवली, ते काम यंत्र करू लागताच त्याच माणसांच्या वंशजांना सांगण्यात आले, की आता तुमची गरज नाही. लाखो कुटुंबे उत्तरेकडील शहरांत निघून गेली. यंत्र नव्हते तेव्हा त्यांना जाऊ दिले नाही, आणि यंत्र आले तेव्हा राहू दिले नाही; दोन्ही वेळा निर्णय त्यांच्या हाती नव्हता.

ही गोष्ट परक्यांची म्हणून सोडून देता येत नाही. इंदूरच्या गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद झालेल्या हुकुमचंद मिलच्या सुमारे चार हजार आठशे कामगारांना वा त्यांच्या वारसांना देण्याची सुमारे दोनशे चोवीस कोटी रुपयांची थकीत रक्कम मोकळी होण्यास डिसेंबर २०२३ उजाडला. तोवर कित्येक कामगार निवर्तले होते. कालबाह्य यंत्रे मोडीत काढायला एवढी वर्षे लागत नाहीत. माणसांचा हिशेब पुरा करायला लागली.

मित्रहो, यंत्रांचा द्वेष करावा असे मी सुचवीत नाही. व्हिटनीचे यंत्र एक उत्तम युक्ती होती, आणि सरकी नखांनी सोडवत बसण्यात कोणताही मोठेपणा नाही. माझे म्हणणे एवढेच, की शोध लावणाऱ्याचे नाव आणि सन लिहून धडा संपत नाही. प्रत्येक नव्या यंत्राबरोबर विचारायचे : याने कोणता अडसर दूर झाला, त्याचा रेटा आता कुणाच्या अंगावर येणार, आणि वाचलेले श्रम कुणाच्या पदरात पडणार? आज या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या हयातीत कितीतरी यंत्रे येतील. काही तुम्हीच घडवाल. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला तंत्रज्ञान देईल. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे नागरिक म्हणून तुम्हालाच द्यावी लागतील, आणि ती वेळेवर द्यावी लागतील.

गुरुजींच्या वर्गात असा प्रश्न निघाला असता, तर त्यांनी उत्तर सांगण्याची घाई केली नसती, अशी माझी समजूत आहे. मीही तो आपल्या स्वाधीन करून थांबतो.